ब्याऐंशी वर्षं, दहा महिने

चाव्या हातात आल्या त्या संध्याकाळी बाबांना फोन लावला. ऑगस्ट २०१७. घरात खुर्चीसुद्धा नव्हती, खिडकीच्या कट्ट्यावर बसून बोलत होते. बाबांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. त्यामुळे अभिनंदनाच्या आधी प्रश्न आला, "उताऱ्यावर नाव लागलं का?"

"लागेल बाबा. इथे दीड-दोन महिने जातात."

"बरं. आणि जमीन?"

"जमीन दुसऱ्याची आहे."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"लीज आहे हो," मी म्हटलं. "नव्याण्णव वर्षांची. त्यातली ब्याऐंशी उरलीयेत. ब्याऐंशी आणि दहा महिने."

"अगं, मग घर घेतलंस कुठे?" बाबा म्हणाले. "पट्ट्यानं घेतलंस."

मला राग आला. दोन लाख एकवीस हजार पौंड मोजून, त्यातले बहुतेक बँकेकडून पंचवीस वर्षांसाठी उचलून, सहा महिने कागद गोळा करून मी इंग्लंडमधल्या एका तीन मजली इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, आणि बाबा त्याला पट्टा म्हणत होते! ऑफिसात, बँकेत, शेजारीपाजारी सगळे मला 'ओनर' म्हणत होते. फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बाबांना इथलं काही कळत नाही."

बाबांना सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२५ च्या मालमत्ता कायद्यापासून जमिनीवरचे मोठे हक्क दोनच प्रकारचे उरले आहेत. एक फ्रीहोल्ड, म्हणजे कायमचा. दुसरा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांचा, आणि ती वर्षं संपली की घर जमिनीसकट फ्रीहोल्डरकडे परत. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे ५० लाख घरं या दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि फ्लॅट तर जवळजवळ सगळेच. यामागे नुसती जमीनदारांची हाव आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. हाव आहेच, पण एक तांत्रिक अडचणही आहे. इथल्या जुन्या न्यायनिर्णयांप्रमाणे फ्रीहोल्ड घर विकलं की 'छप्पर दुरुस्त करीन, वर्गणी देईन' अशी पैसे खर्चायला लावणारी वचनं पुढच्या मालकाला आपोआप लागू होत नाहीत. वरच्या मजल्यावरचा नवा माणूस "मी कुठे सही केली होती?" म्हणून मोकळा, आणि खालचे सगळे गळक्या छपराखाली. लीजमध्ये मात्र घर कितीही हातांतून गेलं तरी अटी चिकटलेल्या राहतात. आपल्याकडे हे काम सोसायटी करते. इथे ते एका मालकाच्या हाती सोपवलं आणि तो मालक त्यातून कमवायला शिकला.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. २००२ च्या कायद्याने 'कॉमनहोल्ड' आणलं, ते बरंचसं आपल्या सोसायटीसारखं. दोन दशकांत तशा वीससुद्धा इमारती उभ्या राहिल्या नाहीत. बिल्डरला फ्लॅट विकून वर जमीनही विकायला मिळत असेल तर तो कॉमनहोल्ड कशाला करेल? शेजारच्या स्कॉटलंडमध्ये फ्लॅट पूर्वीपासून मालकीचाच असतो. तिथे उरलेल्या फार लांबलचक लीजसुद्धा २०१५ साली एका दिवसात मालकीत बदलल्या. सीमा ओलांडली की कायदा बदलतो, विटा त्याच राहतात.

तर बाबा. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपणहून फोन केला. "पट्ट्याची तारीख कुठली?" एवढंच विचारलं. सरकारी कागद हातात आला की आधी तारीख बघायची, मग सही, मजकूर सगळ्यात शेवटी, ही त्यांची जुनी सवय. मी लॅपटॉप उघडला. लीजची प्रत सॉलिसिटरने पाठवली होती, चौतीस पानांची, कुणीतरी वाकडी स्कॅन केलेली. पहिल्याच पानावर होतं: २४ जून २००१ पासून नव्याण्णव वर्षं.

"इमारत केव्हा झाली?"

इमारत पूर्ण झाली होती २००३ साली. आमच्या फ्लॅटची लीज पहिल्या खरेदीदाराला दिली गेली मार्च २००४ मध्ये. म्हणजे तो बिचारा पहिल्यांदा कुलूप उघडून आत आला तेव्हाच नव्याण्णवातली पावणेतीन वर्षं संपली होती. चोवीस जून ही इथली जुनी खंड भरायची तारीख. वर्षाच्या चार तिमाही दिवसांपैकी एक, शेतसाऱ्याच्या काळातली. सगळ्या फ्लॅटना एकच सुरुवात असली की हिशेब सोपा जातो, म्हणून बिल्डर मागची एखादी तारीख धरतो. हिशेब सोपा त्याचा, वर्षं गेली घेणाऱ्याची. बाबा हसले. "आमच्याकडेही असंच करायचे," म्हणाले, पण कोण ते सांगितलं नाही.

त्या रात्री मी ती चौतीस पानं वाचली. घर घेतल्यानंतर. माझ्या ओळखीच्या दहा जणांपैकी नऊ जणांनी त्यांची लीज आजतागायत वाचलेली नाही, दहाव्याने भांडण झाल्यावर वाचली. सॉलिसिटरने आम्हाला सारांश दिला होता, त्यावर आम्ही सह्या केल्या होत्या. सारांशात किंमत होती, ग्राउंड रेंट (जमिनीपोटी फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायचं भाडं) होतं, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीची वर्गणी) होता. चौदाव्या पानावर एक वाक्य होतं, 'लीजची मुदतवाढ घेण्याचा विचार आपण करू शकता.' एवढ्या सौजन्याने लिहिलेलं वाक्य तातडीचं असेल असं कुणाला वाटेल?

लीज वाचताना कळलं की आमच्या खिडक्यांची काच आमची आहे आणि चौकट फ्रीहोल्डरची. भिंतीवरचं प्लास्टर आमचं, प्लास्टरमागची वीट त्याची. जमिनीवर पसरलेल्या फळ्या आमच्या, त्यांखालच्या तुळया त्याच्या. नकाशावर फ्लॅटभोवती लाल रेघ होती आणि ती छताच्या खाली थांबत होती. म्हणजे ज्या पोटमाळ्यावर आम्ही रिकाम्या बॅगा टाकल्या होत्या तो आमचा नव्हताच. सज्जात कपडे वाळत घालायचे नाहीत. रात्री अकरानंतर वाद्य वाजवायचं नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून सगळीकडे कार्पेट हवं. आणि लेखी परवानगीशिवाय प्राणी पाळायचा नाही.

हे कागदावरच राहतं अशी माझी समजूत होती. मग वाचलं की २०१८ मध्ये लंडनमधल्या एका जोडप्याला त्यांचा छोटा टेरियर कुत्रा फ्लॅटबाहेर काढावा लागला, हायकोर्टापर्यंत जाऊन हरल्यावर. त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या एका खटल्यात ठरलं होतं की लीजमध्ये 'खासगी निवासस्थान' असं लिहिलेलं असेल तर पर्यटकांना चार-चार रात्रींसाठी फ्लॅट देणं हा भंग होतो. नवऱ्याला स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत पाडायची होती. त्याचं म्हणणं, फ्रीहोल्डरला परवानगीची फी भरू, संपलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने लंडनच्याच एका इमारतीच्या खटल्यात सांगितलं की लीजमध्ये भिंतीला हात लावायला सरसकट बंदी असेल आणि ती बंदी पाळायला लावण्याचं वचन फ्रीहोल्डरने बाकीच्या बिऱ्हाडांना दिलेलं असेल, तर तो एकाला खासगीत सूट देऊ शकत नाही. आमच्या लीजमध्ये दोन्ही कलमं निघाली. भिंत आहे तिथेच आहे. नवरा अजून अधूनमधून तिच्यावर थाप मारून आवाज ऐकतो.

पण या सगळ्यापेक्षा मला छळलं ते ब्याऐंशी या आकड्याने.

ब्याऐंशी वर्षं म्हणजे माझं उरलेलं आयुष्य भागून वर उरणारा काळ, मग चिंता कसली? हाच हिशेब मीही केला होता. फ्लॅट मला जन्मभर पुरेल, प्रश्न माझ्यानंतरच्यांचा. पण घर विकायचं झालं की समोरच्याची बँक आधी लीजची उरलेली वर्षं बघते. आमचं कर्ज पंचवीस वर्षांचं. ते फिटून आम्ही मोकळे होऊ तेव्हा लीजला उरलेली असणार अठ्ठावन्न वर्षं. एवढ्या कमी मुदतीवर कर्ज द्यायला बऱ्याच बँका का-कू करतात. कर्जाचा आकडा दरवर्षी उतरतो म्हणून आपण खूश, आणि त्याच वेगाने दुसरा आकडा उतरत असतो, तो बघायला कुणी सांगत नाही.

त्यात ऐंशीचा उंबरठा. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्यांना हक्क दिला की फ्रीहोल्डरची इच्छा असो-नसो, ठरावीक सूत्राने पैसे भरून आहे त्या मुदतीत नव्वद वर्षं जोडून घ्यायची, आणि ग्राउंड रेंट शून्यावर आणायचं. मात्र उरलेली मुदत ऐंशी वर्षांवर आली की सूत्रात एक जास्तीचा तुकडा येतो. इथले लोक त्याला 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात. छोटी लीज आणि फ्रीहोल्ड यांचं जणू लग्न लागलं, त्यातून घराची किंमत वाढली, तर त्या वाढीतला अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा. वाढीसाठी पैसे मी भरायचे, आणि वाढलेल्यातला अर्धा हुंडाही मीच द्यायचा. हे लग्न मला कधी पचलं नाही.

आमची लीज ऐंशी वर्षांवर येणार होती २४ जून २०२० ला. आणि त्या वेळचा नियम असा की मुदतवाढ मागायला तुम्ही दोन वर्षं मालक असायला हवं, आणि दोन वर्षं मोजायची लँड रजिस्ट्रीत नाव लागल्यापासून, चाव्या मिळाल्यापासून नव्हे. आमचं नाव लागलं ऑक्टोबर २०१७ मध्ये. बाबांचा पहिला प्रश्न आठवला. म्हणजे ऑक्टोबर २०१९ ते जून २०२०, एवढी साडेआठ महिन्यांची खिडकी होती. (हा दोन वर्षांचा नियम ३१ जानेवारी २०२५ पासून गेला. आता नाव लागल्याच्या दुसऱ्या दिवशीही मागता येतं.)

सगळ्यात चरफडले ते पुढची गोष्ट कळल्यावर. आम्हाला थांबायची गरजच नव्हती. विकणाऱ्या बाईंनी बारा वर्षं तिथे काढली होती. त्यांनी विक्रीआधी मुदतवाढीची नोटीस बजावून तिचा हक्क खरेदीबरोबर आमच्या नावे करून दिला असता, तर आम्ही पहिल्या दिवसापासून पुढे जाऊ शकलो असतो. दोन पानांचं काम. ही सोय सर्रास वापरली जाते, पण ती मागावी लागते, आणि मागायला ती माहीत असावी लागते. आमच्या सॉलिसिटरला माहीत नसेल असं मी मानत नाही. आम्ही घाईत होतो, त्यांची फी ठरलेली होती.

जानेवारी २०२० मध्ये मूल्यांकन करणारे गृहस्थ आले. पावसात भिजलेला कोट दाराशी टांगून त्यांनी लेसरच्या डबीने खोल्या मोजल्या, खिडकीबाहेरचा पार्किंगचा नंबर टिपला, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागदावर पेन्सिलीने मला माझंच घर समजावून सांगितलं. लीज लांब असती तर फ्लॅटची किंमत दोन लाख चाळीस हजार. हा फ्लॅट फ्रीहोल्डरला परत मिळणार ऐंशी वर्षं आणि काही महिन्यांनी. ऐंशी वर्षांनी मिळणाऱ्या दोन लाख चाळीस हजारांची आजची किंमत काय? फ्लॅटसाठी दर साल पाच टक्के धरायचे, हा दर लंडनच्या एका मोठ्या वादात ठरून गेलेला आहे. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला: चार हजार सातशे पन्नासच्या आसपास.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. ज्या जमिनीमुळे बाबा मला मालक मानायला तयार नव्हते, तिचा आजचा भाव एवढाच होता. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं याहून महाग होती. त्यात वर्षाच्या शंभर पौंड ग्राउंड रेंटचे, पुढे ते दोनशे, तीनशे होणार त्याचे, आणखी दोनएक हजार. एकूण सात हजारांच्या अलीकडे-पलीकडे. "आणि ऐंशीच्या खाली गेलं तर?" मी विचारलं. त्यांनी पेन्सिल ठेवली. म्हणाले, एका दिवसाने गेलं तरी किमान चार हजार जास्त धरा. एका दिवसाने चार हजार! कायद्यातले उंबरठे असेच असतात हे मान्य, पण असा उंबरठा माझ्या दारात असेल असं वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारीला नोटीस गेली, सहा हजार दोनशेच्या प्रस्तावाची. नोटीस बजावली त्या दिवशीची मुदत हिशेबात धरतात, त्यामुळे घड्याळ तिथे थांबलं. सहा आठवड्यांत सगळा देश घरात बसला. फ्रीहोल्डरच्या वकिलांचं ऑफिस बंद, ईमेलला आपोआप उत्तर. उलट नोटीस मुदतीच्या तीन दिवस आधी आली: अकरा हजार नऊशे. मग दोन मूल्यांकनवाले पाच महिने एकमेकांना पत्रं लिहीत राहिले आणि सप्टेंबरमध्ये सात हजार चारशेवर ठरलं. त्यावर आमच्या सॉलिसिटरचे पैसे, आमच्या मूल्यांकनाचे, आणि गंमत म्हणजे त्यांच्या वकिलाचे आणि त्यांच्या मूल्यांकनाचेही, कारण हक्क बजावणाऱ्यानेच समोरच्याचाही वाजवी खर्च द्यायचा असा तेव्हाचा कायदा. साडेतीन हजारांच्या वर गेले. नवी लीज आली. मुदत २४ जून २१९० पर्यंत. ग्राउंड रेंटच्या जागी 'मागितल्यास, एक मिरीचा दाणा'.

हे खरंच असं लिहितात. करार पक्का व्हायला काहीतरी मोबदला लागतो म्हणून नावापुरता मिरीचा दाणा. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या घरांच्या लीजमध्ये कायद्यानेच ग्राउंड रेंट या दाण्यावर आणून ठेवलं आहे. मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मागितला का त्यानं अजून?"

माझी एक मैत्रीण या बाबतीत माझ्याइतकी सुदैवी नव्हती. तिने २०१४ साली नवंकोरं घर घेतलं. फ्लॅट नव्हे, चार भिंती आणि मागे बाग असलेलं घर, तेही लीजवर. ग्राउंड रेंट २५० पौंड, दर दहा वर्षांनी दुप्पट. ऐकताना २५० काही वाटत नाही. पन्नासाव्या वर्षी ते आठ हजार होतं, नव्वदाव्या वर्षी एक लाख अठ्ठावीस हजार. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, पण करारावर सही करताना ती आठवत नाही. वर, लंडनबाहेर ग्राउंड रेंट वर्षाला २५० च्या पुढे गेलं (लंडनमध्ये १,०००) की १९८८ च्या एका कायद्याच्या व्याख्येत ती लीज साध्या भाडेकराराच्या वर्गात जाऊन बसायची. म्हणजे थकबाकी झाली तर मालक भाडेकरूला काढतात तसं काढता येईल, आणि कोर्टालाही फारसं काही करता येणार नाही. असं कुणी काढलंय हे मैत्रिणीने ऐकलेलं नव्हतं. तरी तिचं घर घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या बँका याच कलमापाशी थांबल्या. २०२५ च्या कायद्याने एकवीस वर्षांहून लांब लीज यातून बाहेर काढली. स्पर्धा प्राधिकरणाने काही बिल्डरांकडून दुपटीची कलमंही काढून घेतली. तिचा बिल्डर त्या यादीत नव्हता. त्याने तर तोपर्यंत सगळ्या वसाहतीची जमीन एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकली होती. ही फ्लॅटची इमारत असती तर विकण्याआधी रहिवाशांना विचारावं लागलं असतं. घरांना तो नियम नाही.

आणि ग्रेनफेल. १४ जून २०१७ ला लंडनमधला तो टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. आम्ही तेव्हा घराचे कागद गोळा करत होतो, रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून होतो. नंतरची काही वर्षं बाहेरून तशाच ज्वालाग्राही पत्र्यांनी मढवलेल्या इमारतींतले लोक, ज्यांची भिंतीतली एक वीटही नाही, ते भिंती बदलण्याच्या बिलांनी हवालदिल झाले होते. २०२२ च्या कायद्याने किमान अकरा मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींतल्या बऱ्याच जणांना संरक्षण दिलं. आमची इमारत तीन मजली आणि विटांची. यात आमचं शहाणपण काही नव्हतं.

मुदतवाढ झाली म्हणून सर्व्हिस चार्ज थोडाच संपतो. मला विचाराल तर लीजहोल्डमधली रोजची लढाई तीच. इमारतीत बारा फ्लॅट. २०२२ मध्ये फ्रीहोल्डरच्या वतीने इमारत सांभाळणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून छपराच्या कामाची नोटीस आली, अंदाज ४९,२०० पौंड, प्रत्येकी ४,१००. कायदा असा की एका कामापोटी कुणाही एका बिऱ्हाडावर २५० पौंडांहून जास्त बोजा पडणार असेल तर आधी तीस दिवस सगळ्यांचं म्हणणं मागवायचं, ठेकेदार सुचवू द्यायचा, मग निविदा दाखवून पुन्हा तीस दिवस थांबायचं. हे टाळलं तर माणशी २५० च्या वर वसूल करता येत नाही. (हा आकडा २००३ पासून तसाच आहे. त्या काळी २५० पौंडांत काहीतरी होत असेल.) आम्ही पाच जणांनी मिळून गावातला एक ठेकेदार सुचवला. त्याची निविदा ४१,४०० ची आली आणि एजंटला ती बाजूला सारायला कारण सापडलं नाही. प्रत्येकी साडेसहाशे वाचले. त्या पाच जणांत तोवर एकमेकांना ओळखणारे दोघेच होते.

त्या वर्षीचा हिशेब आला तेव्हा मी बाबांसारखी आधी तारखा वाचत गेले. मागच्या दोन वर्षांची बिलं जोडलेली होती. फाटकाच्या मोटारीचं एक बिल एकवीस महिने जुनं निघालं. झालेला खर्च अठरा महिन्यांत मागितला नाही, किंवा निदान 'हा येणार आहे' असं लेखी कळवलं नाही, तर तो बुडाला, असं १९८५ च्या कायद्याचं कलम २०ब सांगतं. मी तीन ओळींची ईमेल केली. न भांडता, न ओरडता. आठवड्याने दुरुस्त बिल आलं, २१२ पौंड कमी. सगळ्या इमारतीचे मिळून २१२, म्हणजे माझ्या वाट्याला सतरा पौंड आणि काही पेनी. पण बाबांना फोन करून असं सांगितलं जसं काही मी खटलाच जिंकले होते. बाबांनी विचारलं, कलम कितवं, आणि ते लिहून घेतल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

या एकूण प्रकरणावर जमीनदार कधी गप्प बसले नाहीत. १९६७ साली घरांच्या लीजवाल्यांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला, तेव्हा लंडनच्या बेलग्रेव्हियातली सुमारे ऐंशी घरं हातची गेलेले ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांचे विश्वस्त थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. १९८६ मध्ये ते हरले. १९९३ च्या कायद्यावरून तेव्हाच्या ड्यूकनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षच सोडला. आता २०२४ चा कायदा आलाय. मुदतवाढ नव्वदाऐवजी थेट ९९० वर्षांची, मॅरेज व्हॅल्यू रद्द, समोरच्याचा खर्च सहसा त्याचा त्याने करायचा. मे २०२४ मध्ये मंजूर झाला. पण किमतीच्या हिशेबाचा हा भाग २०२५ संपेपर्यंतही लागू झालेला नव्हता. फ्रीहोल्डर पुन्हा कोर्टात गेले, ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टात हरले. तरी तारीख लागलेली नव्हती.

ती तारीख आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ माझ्याहून जास्त उत्सुकतेने बघतात. सत्तरी ओलांडलेले, बस चालवायचे. आमच्याच तारखेची लीज, आमच्याच चौतीस पानांची. २०२० मध्ये मी त्यांना बरोबर नोटीस देऊ या म्हटलं होतं. तेव्हा त्यांची पत्नी आजारी होती, त्यांनी हात हलवून विषय टाळला. मी पुन्हा विचारलं नाही. आता पत्नी नाही, त्यांना मुलाजवळ राहायला जायचंय, फ्लॅट विकायचाय, आणि लीजला उरलीत साडेचौऱ्याहत्तर वर्षं. आज मुदतवाढ घ्यावी तर तो लग्नाचा अर्धा वाटा द्यायचा. थांबावं तर नवा कायदा लागू होऊन तो वाचेल, पण कधी, आणि तोपर्यंत वर्ष आणखी एक जाणार. मूल्यांकनवाल्याने त्यांना दोन्ही आकडे काढून दिलेत. त्यांतला फरक त्यांच्या वर्षाच्या पेन्शनमध्ये मावत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये एका रविवारी ते कागदाची पिशवी घेऊन वर आले. टेबलावर लीज पसरली. तीच वाकडी स्कॅन, तीच लाल रेघ, फक्त एक मजला खाली. मी चहा ठेवला. त्यांनी विचारलं, माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी भिंतीकडे बघितलं, नवरा थाप मारतो त्या. मला खरंच सांगता आलं नाही. मुलाच्या गावात एक छोटं घर बघून ठेवलंय म्हणाले, मालकीचं, मागे टोमॅटो लावण्याएवढी जागा.

कप संपवून त्यांनी कागद नीट क्रमाने लावले, पहिलं पान वर. चोवीस जूनवर बोट ठेवलं. तोपर्यंत थांबून बघतो, म्हणाले. त्या दिवशी बरोबर चौऱ्याहत्तर होतील.